बाल्कनीतून उडता शिंजीर टिपायचा तर आधी थोडं गणित

उडणाऱ्या पक्ष्यांचे फोटो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, कॅमेरा कुठला घेऊ? मी म्हणते थांबा जरा, आधी पाच मिनिटं गणित करू, अगदी शाळेतलं, वेग गुणिले वेळ, कारण ते एकदा डोक्यात बसलं की बऱ्याच जणांना हातात आहे तोच कॅमेरा पुरतो आणि बाकीच्यांना नेमकं काय हवंय ते दुकानदाराला विचारत बसावं लागत नाही.

उदाहरणाला आपला जांभळा शिंजीर घेऊ, फुलांतला रस पिणारा चिमुकला पक्षी. पुण्या-मुंबईत जिथे चार फुलझाडं आहेत तिथे हा असतोच, चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम १० सेंटिमीटर. समजा तो तुमच्या कुंडीकडे सेकंदाला १० मीटर वेगाने येतोय, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर (आकडा हिशोबाला सोपा म्हणून घेतलाय, खरा वेग कमीजास्त असतो). शटर, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश आत सोडणारा पडदा, सेकंदाचा हजारावा भाग उघडं राहिलं तर तेवढ्यात पक्षी किती पुढे सरकला? एक सेंटिमीटर. ऐकायला काहीच वाटत नाही, पण अहो पक्षीच १० सेंटिमीटरचा आहे, म्हणजे त्याच्या अंगाच्या दहाव्या भागाएवढा तो फोटोत पुसला गेला. डोळा, चोच, सगळं गेलं. हेच घारीच्या बाबतीत बघा, ती साधारण ६० सेंटिमीटरची, शिवाय लांबवर निवांत घिरट्या घालणारी, तिला तो एक सेंटिमीटर जाणवतही नाही. म्हणून "१/१००० ठेवा, पक्षी फ्रीझ होतात" हा जो सल्ला सगळीकडे फिरतो ना, तो घारीला लागू आहे, शिंजिराला नाही. लहान आणि जवळचा, या दोन गोष्टी एकत्र आल्या की सगळं अवघड होतं.

अजून थोडं पुढे जाऊ. साधा २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर (म्हणजे प्रकाश टिपणारा सेन्सर थोडा लहान असलेला) कॅमेरा, ७०-३०० एमएमची लेन्स, ३०० वर झूम केलेली, आणि पक्षी ३ मीटरवर, म्हणजे बाल्कनीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तेवढ्या अंतरावर फ्रेममध्ये मावते फक्त २३ सेंटिमीटर रुंदीची जागा. त्यात ६,००० पिक्सेल आडवे, म्हणजे एका मिलिमीटरला पंचवीसेक पिक्सेल. आता १/१००० ला एक सेंटिमीटर सरकलेला पक्षी म्हणजे अडीचशे पिक्सेलचा फराटा. बरं, १/४००० केलं तर अडीच मिलिमीटर, तरी साठ पिक्सेल! म्हणजे भरधाव जाणारा शिंजीर तीन मीटरवरून कडक शार्प मिळवायचा तर शटर स्पीड वाढवत नेऊन भागत नाही, कारण वाढवायला तेवढा उजेडच नसतो.

आणि तो फ्रेममध्ये राहणार किती वेळ? २३ सेंटिमीटर पार करायला सेकंदाचा साधारण चाळिसावा भाग. तुमचा कॅमेरा सेकंदाला १० फोटो काढत असेल तर दोन फोटोंच्या मध्ये पक्षी एक मीटर पुढे गेलेला असतो, मग चारातल्या तीन वेळा तो फ्रेममध्ये आला आणि गेला तरी फोटोत नुसती भिंत. लोक याला नशीब म्हणतात, पण हा सरळ भागाकार आहे.

मग लोकांना एवढे भारी फोटो मिळतात कसे? तर पक्षी सगळा वेळ त्याच वेगाने उडत नसतो. फुलावर यायच्या आधी त्याला ब्रेक मारावा लागतो, शेपटी पसरून, पंख पुढे करून, अंग उभं करून, आणि त्या क्षणी त्याचा पुढे जायचा वेग जवळजवळ शून्य झालेला असतो. उडतानाही पहिली एक-दोन फडफड होईपर्यंत अंग अजून तिथेच असतं. शिंजीर कधीकधी फुलासमोर क्षणभर हवेत तरंगतो (त्याला फांदीवर बसूनच प्यायला जास्त आवडतं, पण जागा नसली की तरंगतो), तेव्हाही अंग जागच्या जागी आणि फक्त पंख चालू. पंखांचंही तसंच, वर जाऊन खाली यायच्या आधी टोकाला ते क्षणभर थांबतात. तुम्हाला जे "उडतानाचे" भारी फोटो दिसतात त्यातले कितीतरी खरं तर असे थांबतानाचे असतात. १/२००० ते १/३२०० ला ते आरामात मिळतात, आणि पंखांची टोकं थोडी पुसट आली तर येऊ देत, मला तर ती आवडतात, सगळं गोठलेलं असलं की पक्षी पेंढा भरलेला वाटतो.

म्हणजे कुठे थांबणार हे आधी माहीत असलं की निम्मं काम झालं. आणि इथेच घर जंगलापेक्षा सरस ठरतं, हे मी मनापासून सांगते. भिगवणला किंवा ताडोबाला गेलात तर पक्षी तुम्हाला अनोळखी, जागा अनोळखी, आणि हातात एक दिवस. घरी तोच नर, तीच मादी, रोज साधारण त्याच वेळांना, त्याच वाटेने येतात. आधी समोरच्या केबलवर, तिथून ग्रिलच्या कोपऱ्यावर, तिथून रसेलियाच्या झुबक्यावर. चार दिवस कॅमेरा न घेता नुसतं चहा पीत बघा, कुठून येतो, कुठे टेकतो, कुठल्या बाजूने पळतो, सगळं कळतं. वेडा राघू तर याबाबतीत फोटोग्राफरसाठीच जन्माला आलाय, तारेवरून उडतो, हवेतच माशी किंवा चतुर पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच तारेवर परत येऊन ते भक्ष्य आपटत बसतो. कोतवालही तसाच. तुमच्या गच्चीसमोर तार असेल आणि वेडा राघू येत असेल तर शिंजिराच्या आधी त्याच्यावर सराव करा. पाकोळ्यांच्या मागे मात्र सुरुवातीला लागू नका, त्या आपल्या बिल्डिंगभोवती दिवसभर फिरत असल्या तरी कुठे थांबत नाहीत म्हणजे नाहीत, उगाच मेमरी कार्ड भरतं आणि चिडचिड होते.

मी काय करते, कुंडीपासून एक-दीड फुटावर एक वाळकी काडी बांधून ठेवते. जाड नको, बोटाहून बारीक, शिंजिराच्या पायात मावेल अशी. फुलांवर झेपावण्याआधी पक्ष्याला टेकायला जागा लागते, इकडेतिकडे बघायला, आणि मोकळी काडी दिसली की तो ती वापरायला लागतो, कधी दुसऱ्या दिवशी, कधी दोन आठवड्यांनी. काडी आणि फुलं यांच्यामधली रेषा लेन्सच्या पुढच्या काचेला समांतर ठेवायची, म्हणजे पक्षी फ्रेममध्ये डावीकडून उजवीकडे जाईल, तुमच्याकडे किंवा तुमच्यापासून लांब नाही. हे एवढं महत्त्वाचं का, तर फोकसमुळे. याच सेटिंगवर, ३०० एमएम, एफ ५.६ (हा अॅपर्चरचा, म्हणजे लेन्समधल्या भोकाचा आकडा, लहान आकडा म्हणजे मोठं भोक), ३ मीटर, फोकसमध्ये असलेला पट्टा किती जाड असतो माहितीये? जेमतेम २ सेंटिमीटर. एफ ८ केलं तर तीनेक. पक्षी तिरका उडाला की पहिल्याच फडफडीत पट्ट्याबाहेर, मग शटर कितीही फास्ट असो. समांतर उडाला तर निदान शक्यता तरी आहे.

ऑटोफोकसचं म्हणाल तर २०२०-२१ पासून आलेल्या बऱ्याच मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांना पक्ष्याचा डोळा ओळखता येतो, कॅननचा आर ५, सोनीचा ए १ वगैरे, आणि त्यामुळे खरंच फरक पडलाय. पण घरच्या खिडकीतून ते सुद्धा फसतं, कारण मध्ये ग्रिल असतं, जाळी असते, समोर पानं हलत असतात, आणि कॅमेरा बिचारा जे आधी सापडेल ते पकडतो. जुना कॅमेरा असेल तर सरळ काडीवर फोकस करा, मग मॅन्युअलला टाका आणि हात लावू नका. ट्रायपॉड नसेल तर खुर्चीच्या पाठीवर उशी ठेवून लेन्स टेकवा, चालतं.

आता आपल्या प्रतिक्रियेचं बघू. डोळ्याने दिसणं, मेंदूला कळणं आणि बोटाने बटण दाबणं यात माणसाचा साधारण पाव सेकंद जातो. तेवढ्या वेळात काडीवरून उडालेला पक्षी त्या २३ सेंटिमीटरच्या फ्रेममधून कधीच गेलेला असतो. म्हणून उडाल्यावर बटण दाबायचं नाही, उडणार असं वाटलं की दाबायचं. उडायच्या आधी पक्षी सांगतो, अंग किंचित खाली दबतं, पिसं अंगाशी घट्ट होतात, मान जायचंय त्या दिशेला वळते, आणि पुष्कळदा शिटतो. हो, हे शेवटचं सगळ्यात उपयोगी आहे, हसू नका. ते दिसलं की बर्स्ट, म्हणजे एकामागून एक धडाधड फोटो, सुरू करायचा.

नवीन कॅमेऱ्यांनी यावर एक युक्ती काढलीये तिला प्री-कॅप्चर म्हणतात. बटण अर्धं दाबून ठेवलं की कॅमेरा सतत फोटो काढत राहतो आणि जुने टाकत राहतो, तुम्ही पूर्ण दाबलंत की मागच्या थोड्या वेळातले फोटो ठेवून घेतो, म्हणजे तुमचा हरवलेला पाव सेकंद परत मिळतो. ऑलिंपसने २०१६ मध्ये ई-एम १ मार्क २ मध्ये हे दिलं होतं, आता बऱ्याच कंपन्या देतात. वापरलेला कॅमेरा घेणार असाल तर मी मेगापिक्सेलच्या आधी ही सोय आहे का ते बघेन. तसा वेगाने फोटो काढायचा नाद जुनाच आहे हं, १८८२ मध्ये एतियेन-ज्यूल मारे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने बंदुकीसारखा दिसणारा कॅमेरा बनवला होता, तो सेकंदाला १२ फोटो काढायचा, आणि कशासाठी, तर पक्षी उडतात कसे हे बघायला. २०२३ मध्ये जाहीर झालेला सोनीचा ए ९ थ्री सेकंदाला १२० काढतो. म्हणजे एवढ्या वर्षांत दहापट, आणि आपले बरेचसे कॅमेरे अजून मारेसाहेबांच्याच आसपास आहेत.

एक सावधगिरी. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरताना पंख वाकडे, रबरासारखे दिसले तर घाबरू नका, कॅमेरा बिघडलेला नाही. सेन्सरच्या ओळी तो वरून खाली एकेक करत वाचतो, साध्या कॅमेऱ्यांत पूर्ण फोटो वाचायला सेकंदाच्या पंधराव्या ते साठाव्या भागाएवढा वेळ लागतो, आणि तोवर पंख खाली आलेला असतो. शटर स्पीड १/४००० असला तरी हे होतंच, कारण प्रत्येक ओळ झटकन टिपली जात असली तरी पहिली ओळ आणि शेवटची ओळ वेगवेगळ्या वेळची असते. उपाय सोपा, मेकॅनिकल शटर लावा. खटखट आवाज होतो, पण आपल्या रस्त्यांवरच्या हॉर्नची सवय असलेल्या पक्ष्यांना त्याचं फारसं काही वाटत नाही.

आता उजेड, आणि घरून फोटो काढणाऱ्याने सगळ्यात जास्त डोकं इथेच लावावं. कडक उन्हात एफ ५.६ आणि आयएसओ (टिपलेला उजेड कॅमेरा किती वाढवून दाखवतो तो आकडा) ४०० ला साधारण १/३२०० मिळतं, म्हणजे आपलं काम झालं. सावलीत तोच उजेड आठवा हिस्सा होतो, मग १/३२०० हवं तर आयएसओ ३२०० वर न्यावा लागतो आणि फोटोत दाणे येतात. दाणे का येतात? पावसाची पहिली सर अंगणातल्या फरशांवर पडते तेव्हा एका फरशीवर पाच थेंब, शेजारचीवर दोन, पण धो धो पडला की सगळ्या सारख्याच ओल्या. प्रकाशाचे कणही सेन्सरवर असेच पडतात. कमी उजेड म्हणजे कमी थेंब, म्हणून शेजारशेजारचे पिक्सेल उगाच कमीजास्त उजळ दिसतात. आयएसओ वाढवून कॅमेरा तोच कमीजास्तपणा मोठा करून दाखवतो. तरी माझं मत, दाणे चालतील, फराटा चालणार नाही. दाणे नंतर सॉफ्टवेअरने बरेच जातात, पुसलेला डोळा परत आणता येत नाही.

पण खरी गोम वेगळीच आहे. "सूर्य पाठीमागे ठेवा" हे सगळे सांगतात. घरून ते जमतं का? जरा विचार करा, सूर्य तुमच्या पाठीमागे म्हणजे बिल्डिंगच्या पाठीमागे, मग तुमच्या खिडकीजवळच्या कुंडीवर बिल्डिंगचीच सावली पडणार. आणि कुंडीवर ऊन असेल तेव्हा सूर्य खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे तुमच्या समोर. खिडकीतून सरळ समोर फोटो काढला की पक्षी एकतर सावलीत नाहीतर काळा, तिसरं काही नाही. शिंजिराच्या बाबतीत तर हे फारच नडतं, कारण त्याचा तो जांभळा-निळा रंग शाईसारखा रंग नाहीच, पिसांच्या आतल्या बारीक थरांवरून प्रकाश परततो त्यातून तो दिसतो. प्रकाश आणि आपली नजर नीट कोनात आली तर झगमग, नाहीतर कोळसा.

यावर उपाय म्हणजे भिंतीला समांतर फोटो काढायचा. माझी बाल्कनी दक्षिणेकडे आहे, थंडीत सकाळी सूर्य आग्नेयेला असतो, तेव्हा मी बाल्कनीच्या पूर्वेकडच्या टोकाला बसते आणि कुंडी पश्चिमेच्या टोकाला. ऊन माझ्या डाव्या खांद्यामागून येतं आणि थेट पक्ष्यावर पडतं. दुपारनंतर जागांची अदलाबदल. हे साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी झकास चालतं. मे महिन्याच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर, आणि त्यानंतर जुलै संपत येईपर्यंत तो दुपारी सुद्धा किंचित उत्तरेकडे असतो, तेव्हा दक्षिणेच्या बाल्कनीत ऊनच नाही. मग समोरच्या बिल्डिंगची पांढरी भिंत कधी उजळते ते बघा, तिच्यावरून परतलेला उजेड मऊ आणि भरपूर असतो. पूर्व-पश्चिम बाल्कनीवाल्यांनी आपापला हिशोब करा, तत्त्व तेच.

वाऱ्याचंही लक्षात ठेवा. पक्षी उडताना आणि उतरताना शक्यतो वाऱ्याला तोंड करतात, घारी आणि तारेवरचे पक्षी तर हमखास. मुंबईत दुपारनंतर समुद्रावरून वारा येतो, म्हणजे पक्ष्यांची तोंडं पश्चिमेला, आणि सूर्यही तिकडेच कललेला. त्यामुळे पूर्वेकडे तोंड असलेली खिडकी, जी सकाळी डोळे दिपवते, ती संध्याकाळी बिल्डिंगच्या सावलीपलीकडच्या घारींसाठी एकदम बेस्ट, तोंडावर ऊन घेऊन त्या तुमच्याच दिशेला येतात.

खिडकीच्या काचेतून काढणार असाल तर काच आतून-बाहेरून पुसा, लेन्स काचेला जवळजवळ चिकटवा आणि सरळ नव्वद अंशात ठेवा, तिरकं केलं की सगळं मऊ पडतं. खोलीतला दिवा बंद. मच्छरदाणीची जाळी असेल तर लेन्स तिला टेकवून अॅपर्चर पूर्ण उघडा, जाळी दिसेनाशी होते, फोटो थोडा फिका येतो तो नंतर सुधारता येतो. एसी लावलेल्या खोलीची खिडकी उघडून लगेच फोटो काढू नका, थंड आणि गरम हवा मिसळताना चित्र थरथरतं, आणि पावसाळ्यात तर लेन्सवर वाफच धरते. दुपारी पत्र्याच्या शेडवरून पलीकडचं काही काढायला जाल तर तीच थरथर, तिथे हजारोंची लेन्स पण हरते.

कुंडीत काय लावायचं? रसेलिया, हमेलिया, जास्वंद, इक्झोरा. शेजारी शेवगा असेल तर तुम्ही भाग्यवान, त्याच्या फुलांवर शिंजीर तुटून पडतात. साखरपाण्याच्या बाटल्या लटकवायला मी नाही म्हणते, फुलं असताना गरज काय. दाणे टाकू नका, चिमण्यांच्या आधी कबुतरं येतील आणि मग शिंजीर सोडा, तुम्हालाच बाल्कनी मिळणार नाही. त्यापेक्षा उथळ पसरट भांड्यात पाणी, इंच-दीड इंच, रोज बदललेलं नाहीतर डासांची पैदास. उन्हाळ्यात बुलबुल, दयाळ, चष्मेवाले अंघोळीला येतात, आणि पाणी उडवणारा बुलबुल हा सुरुवातीला शिंजिरापेक्षा कितीतरी सोपा आणि देखणा विषय आहे.

कॅमेराच नसेल तर हे पाण्याचं भांडं आणि मोबाईल. मोबाईलने झूम करून लांबचा पक्षी काढायच्या भानगडीत पडू नका, तो अनेक फोटो एकत्र करून एक बनवतो, त्यात हलणारे पंख भुतासारखे येतात. त्याऐवजी मोबाईलच भांड्यापासून दीड-दोन फुटांवर टेकवून ठेवा, फोरके व्हिडिओ सेकंदाला ६० फ्रेमवर लावा आणि घरात निघून जा. नंतर आवडलेली फ्रेम काढून घ्या, ती आठ मेगापिक्सेलची असते, प्रिंटलाही चालते. भर उन्हात लावलं की मोबाईल आपोआप शटर फास्ट ठेवतो. आयफोनवाल्यांकडे लाइव्ह फोटो आहे, तो बटणाच्या आधीचा आणि नंतरचा दीड दीड सेकंद साठवतो, म्हणजे गरिबाचं प्री-कॅप्चरच.

शिंजिराची मादी कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेलं लोंबतं घरटं बऱ्याचदा बाल्कनीतल्या वेलावर किंवा वायरवरच करते. केलं तर काडी, कुंडी, ट्रायपॉड, सगळे प्रयोग बंद. पानं बाजूला करायची नाहीत, फ्लॅश नाही, खोलीच्या आतून जे दिसेल तेवढंच. फोनवरून पक्ष्याचा आवाज वाजवून बोलावणं तर कधीच नको, तो बिचारा प्रतिस्पर्धी आला म्हणून पिल्लांना सोडून भांडायला येतो.

आणि हो, मोठी लेन्स घेऊन बाल्कनीत बसण्याआधी समोरच्या विंगमधल्या लोकांना सांगून ठेवा. पक्षी तुमच्या कुंडीवर असला तरी त्यांना दिसते ती त्यांच्या खिडकीकडे रोखलेली नळी. मी सोसायटीच्या ग्रुपवर आधी दोन फोटो टाकले, त्यानंतर समोरच्या काकूच फोन करून सांगायला लागल्या, अगं तुझा तो निळा आमच्या शेवग्यावर आलाय, ये लवकर.